थाळीचा वेग आणि गायकाचा षड्ज

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत, ध्वनिमुद्रिका-संग्रहाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



उस्ताद अमीर खाँ यांच्या एका लाँग प्ले ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. इंदूरच्या श्रोत्यांना या ध्वनिमुद्रिकेची ओळख करून देण्याचे धाडस कोणी करू नये. खाँसाहेबांचे बालपण आणि तालीम याच शहरात झाली, आणि ती मुद्रिका येथील कितीतरी घरांतून जपून ठेवलेली आहे. जुन्या रसिकांचा रिवाज असा, की मारवा दिवेलागणीला लावावयाचा आणि दरबारी रात्री निजानीज झाल्यावर. रागांच्या समयचक्राचा मान त्यात राखला जाई. परंतु १९९० च्या दशकात या रिवाजाला एक अदृश्य भागीदार होता, आणि तो म्हणजे वीजपुरवठा. दिवेलागणीच्या वेळी सारे शहर एकदम दिवे लावी, मागणी वाढे, वीजकेंद्रातील जनित्रे ओझ्याने किंचित मंदावत आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झवरून खाली येई. मध्यरात्री मागणी ओसरे आणि तीच वारंवारता ५० च्या वर चढे. त्या काळी आपल्या देशातील वीजजाळ्यांची वारंवारता ४८ पासून ५१.५ पर्यंत हेलकावे खात असे. घरातील रेकॉर्ड प्लेअरची मोटर त्याच विजेच्या तालावर फिरणारी. परिणाम असा, की मारवा खाँसाहेबांनी गायिला त्यापेक्षा खालच्या स्वरात ऐकू येई आणि दरबारी वरच्या स्वरात. मुद्रिका एक, गायक एक, घर एक. पण षड्ज दोन.

या व्याख्यानाचा विषय तसा छोटा आणि कारागिरीचा आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरला इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रण कसे जोडतात, ते का जोडावे लागते आणि जोडूनही काय साधत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे. ग्रंथालयात हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल.

आरंभी थोडा हिशेब. लाँग प्ले मुद्रिका मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला नेमके १.८ सेकंद लागतात. वेगात जितका टक्का फरक पडेल तितकाच टक्का फरक प्रत्येक स्वराच्या कंपनसंख्येत पडतो. यात कोणतीही सूट नाही. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सारे गाणे एका अर्धस्वराने वर जाते, म्हणजे काळी चारचे गाणे पांढरी सहात ऐकू येते. आपल्या शास्त्रकारांनी प्रमाणश्रुतीचे गुणोत्तर ८१ भागिले ८० असे मानले आहे. तो फरक सव्वा टक्क्याचा. तेव्हा थाळीच्या वेगात सव्वा टक्का चूक झाली, की एका श्रुतीची चूक झाली असे खुशाल समजावे. वारंवारता ४८ वर आली तर वेग चार टक्क्यांनी घटतो आणि ३३⅓ च्या जागी ३२ फेरे पडतात. गाणे पाऊण अर्धस्वराहून थोडेच कमी, पण तेवढे निश्चित खाली बसते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. सगळेच स्वर एकाच प्रमाणात वरखाली होतात, स्वरांमधील अंतरे कायम राहतात, मग रागाचे काय बिघडले? आक्षेप खरा आहे. रागाचे काही बिघडत नाही. बिघडते ते गायकाचे. मनुष्याच्या आवाजाचा पोत त्याच्या घशाच्या आणि मुखाच्या पोकळीवर ठरलेला असतो. वेग वाढला की ती पोकळीच जणू लहान होते आणि भारदस्त आवाज पोरका वाटू लागतो. वेग घटला की तरुण गायिका प्रौढ होते. वेगातील चूक मोठी असेल तर लय बदलते, तानेची चपळाई खोटी ठरते, दरबारीच्या गांधाराचे आंदोलन उगाच घाईचे होते. आणि सर्वांत व्यवहारी अडचण अशी, की मुद्रिकेबरोबर तंबोरा जुळवून बसलेल्या विद्यार्थ्याचा तंबोरा आज जुळतो आणि उद्या जुळत नाही.

आता यंत्राकडे वळू. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत जी यंत्रे आली, एचएमव्हीच्या फिएस्टासारखी, त्यांत बहुधा मोटरच्या दांड्याला टेकलेले एक रबरी चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून ती फिरवीत असे. व्यवस्था दणकट आणि स्वस्त. पण मोटरची घरघर रबरी चाकातून थेट थाळीत आणि थाळीतून सुईत पोचे. पट्ट्याची कल्पना यावरचा उतारा होती. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ मध्ये ए. आर. कंपनीचा टर्नटेबल बाजारात आणला. त्यात थाळी आणि सुईचा दांडा एका चौकटीवर, ती चौकट स्प्रिंगांवर अधांतरी, मोटर वेगळी, आणि दोहोंमध्ये फक्त एक रबरी पट्टा. मोटरची थरथर पट्ट्यात जिरून जाई. १९६५ मध्ये स्वित्झर्लंडच्या थोरेन्स कंपनीने टीडी १५० या यंत्रात हाच मार्ग धरला आणि पुढे स्कॉटलंडच्या लिन कंपनीचे सोंडेक आणि इंग्लंडच्या रेगा कंपनीची यंत्रे त्याच वंशात जन्मली. थोरेन्स हे घराणे १८८३ पासूनचे. आरंभी ते किल्लीवर वाजणाऱ्या संगीतपेट्या बनवीत असत. नियमित गतीचे त्यांचे वेड असे जुने आहे.

अशा बऱ्याच यंत्रांत सिंक्रोनस मोटर असते. तिचे मर्म समजले की पुढचे सारे सोपे होते. या मोटरच्या फिरत्या भागावर चुंबकाचे ध्रुव असतात, समजा २४. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरे करते, म्हणजे १०० अर्धी आवर्तने. प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला मोटर एक ध्रुव पुढे सरकते. मिनिटाला ६००० अर्धी आवर्तने, भागिले २४, म्हणजे २५० फेरे. ही मोटर व्होल्टेजची पर्वा करीत नाही. दिवा मिणमिणला तरी तिचे फेरे २५० च. तिचा मालक एकच, वारंवारता. मग मोटरची कप्पी आणि थाळीखालची चकती यांच्या व्यासांचे प्रमाण १ ला साडेसात ठेवले की २५० चे ३३⅓ होतात. इतका हा सरळ हिशेब.

परदेशातून आणलेल्या यंत्रांनी या हिशेबाची गंमत अनेक घरांत दाखविली आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० आहे. तेथे वापरलेले यंत्र घेऊन कोणी स्वदेशी परततो, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मोठ्या हौसेने बसवितो आणि पहिल्याच मुद्रिकेला चेहरा पडतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवितो, वारंवारता नाही. ६० ची कप्पी ५० वर फिरते आणि वेग पाच षष्ठांश होतो. हे गुणोत्तर संगीतज्ञांच्या परिचयाचे आहे. षड्ज आणि कोमल गांधार यांच्यामधले अंतर हेच. गायकाचा षड्ज नेमका तेवढा खाली घसरतो. काळी चारमधील गाणे पांढरी चारमध्ये येऊन बसते. इकडचे यंत्र तिकडे नेणाऱ्याच्या वाट्याला याच्या उलट अनुभव येतो.

वेग तपासण्याचे जुने साधन म्हणजे रेघांची चकती. ३३⅓ साठी, ५० हर्ट्झच्या विजेवर, चकतीवर १८० रेघा असतात. विजेचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. थाळी बरोबर वेगाने फिरत असेल तर दोन लुकलुकींमध्ये एक रेघ दुसरीच्या जागी येते आणि रेघा स्थिर भासतात. साधन चतुर आहे, परंतु १९९० च्या दशकातील आपल्या परिस्थितीत ते खोटे बोलत असे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येई. वारंवारता ४८ वर आली की मोटर मंदावे, आणि दिव्याची लुकलुकही त्याच प्रमाणात मंदावे. रेघा जागच्या जागी स्थिर! आरोपी आणि साक्षीदार एकाच घरचे असल्यावर दुसरे काय होणार? पेटीवर हात ठेवून ‘स्वर उतरला आहे’ म्हणणाऱ्या कानाला खोटे पाडून या चकतीवर विश्वास ठेवणारेही होते. कान बरोबर होता.

आज विजेची स्थिती पालटली आहे, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे. २००२-०३ पासून वीज खरेदी-विक्रीचे दर वारंवारतेशी बांधले गेले, ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले, आणि आता वारंवारता ५० च्या अगदी आसपास राहते. मग इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची गरज संपली काय? संपली नाही, तिचे कारण बदलले. एक म्हणजे पट्टा. कप्पीचा खरा व्यास धातूच्या व्यासाएवढा नसतो, त्यात पट्ट्याची जाडीही मिळते. थाळीखालची चकती २०० मिलिमीटर आणि कप्पी २६.७ मिलिमीटर असे धरले, आणि मूळ पट्ट्याच्या जागी बाजारातून आणलेला, केवळ ०.३ मिलिमीटरने अधिक जाड पट्टा चढविला, तर वेग जवळजवळ एक टक्का वाढतो. मूळ पट्टे आता दुर्मिळ. जो मिळेल तो चढवावा लागतो. तेव्हा एक श्रुतीभर चूक ही नशिबाची नव्हे, दुकानाची गोष्ट झाली आहे. दुसरे कारण ४५ आणि ७८ हे वेग. अनेक यंत्रांत वेग बदलण्यासाठी थाळी उचलून पट्टा एका कप्पीवरून दुसरीवर हाताने सरकवावा लागतो, आणि ७८ ची तर सोयच नसते. तिसरे कारण मोटरची थरथर. त्याविषयी आता सांगावयाचे आहे.

नियंत्रणाची कल्पना नवी नाही. थोरेन्सनेच १९६८ मध्ये टीडी १२५ या यंत्रात घरच्या विजेवरचे अवलंबन तोडले. १६ ध्रुवांची मोटर, आणि तिला लागणारी आवर्तने यंत्राच्या पोटातच निर्माण करणारे मंडल. पुढे १९८२ मध्ये लिनने आपल्या यंत्रासाठी क्वार्ट्झ स्फटिकावर आधारलेले मंडल काढले, आणि त्यानंतर हौशी मंडळींनी घरोघरी हे प्रयोग केले. तत्त्व असे: घरच्या विजेपासून फक्त शक्ती घ्यावयाची, ताल घ्यावयाचा नाही. ताल आपण निर्माण करावयाचा.

तो ताल देतो क्वार्ट्झ स्फटिक. ३२,७६,८०० हर्ट्झचा स्फटिक बाजारात सहज मिळतो. ही संख्या विचित्र दिसते, पण तिला दोनाने सोळा वेळा भागले की बाकी काही न उरता बरोबर ५० येते. भागाकाराचे हे काम काही रुपयांची चिप करते. सोळा भागाकारांनंतर हाती येणारे ५० हर्ट्झ घड्याळाइतके खरे असतात. मात्र ते चौकोनी लाटेच्या रूपात असतात, आणि चौकोनी लाट मोटरला देणे म्हणजे सतारीची तार मिझराबाऐवजी हातोडीने छेडण्यासारखे आहे. मोटर फिरेल, पण धक्क्याधक्क्याने. म्हणून ती लाट गाळून तिचे कंगोरे उतरवून गोलाकार करावी लागते. नंतर एक लहान अँप्लिफायर तिला बळ देतो. मोटरची भूक अवघ्या काही वॉटची, तेव्हा रेडिओच्या अँप्लिफायरएवढी ताकद पुरते. शेवटी एक ट्रान्सफॉर्मर, नेहमीच्या उलट दिशेने जोडलेला, कमी व्होल्टेजचे मोटरला हवे तेवढे व्होल्टेज करतो. आता अशी मंडले सूक्ष्मनियंत्रक चिप वापरून करतात; लाट अंकांवरूनच गोल घडविली जाते आणि वारंवारता हजारांश हर्ट्झने हलविता येते. परंतु समजून घ्यावयास स्फटिक आणि भागाकार हीच वाट बरी.

या मोटरमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एकीला वीज थेट मिळते, दुसरीला कपॅसिटरमार्फत, म्हणजे पाव आवर्तन मागेपुढे. या पाव आवर्तनाच्या फरकामुळेच मोटरला कोणत्या दिशेने फिरावे हे कळते. कपॅसिटर हा फरक ठराविक वारंवारतेला, आणि तोही अदमासेच, साधतो. फरक चुकला की मोटर थरथरते, आणि ती थरथर पट्टा पूर्णपणे गिळू शकत नाही. म्हणून चांगल्या मंडलात कपॅसिटर काढून टाकून दोन स्वतंत्र अँप्लिफायर ठेवतात आणि दुसऱ्याची लाट पहिल्यापेक्षा नेमकी पाव आवर्तन हलवून देतात. हा फरक हाताने जुळवीत असताना बोटाचे टोक मोटरच्या कवचावर ठेवावे. एका बिंदूशी थरथर अशी मावळते, की मोटर थांबली की काय असे वाटावे. शिवाय थाळी एकदा वेगात आली की व्होल्टेज दोनतृतीयांशाच्या आसपास उतरविता येते. चालू ठेवण्यास तेवढे बळ पुरते आणि थरथर आणखी कमी होते. वेग ठीक करण्यासाठी हे मंडल बसविणारे अनेक जण शेवटी त्याच्या या दुसऱ्याच गुणावर लुब्ध होतात. गाण्यामागचा गाळ खाली बसतो. तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या मोजता येतात.

४५ चा वेग हवा असेल तर ५० च्या जागी ६७.५ हर्ट्झ द्यावयाचे. कप्पीला हात लावावयास नको. ७८ साठी मात्र ११७ हर्ट्झ लागतील आणि इतक्या जलद तालावर मोटर उभ्याने पाय उचलीत नाही. तेथे पट्टा ४५ च्या मोठ्या कप्पीवर ठेवून सुमारे ८७ हर्ट्झ देतात. वारंवारता वाढली की गुंडाळीचा विरोधही वाढतो, तेव्हा व्होल्टेज थोडे चढवावे लागते. आणि एक इशारा येथेच देणे इष्ट. या साऱ्यात ११० किंवा २३० व्होल्ट खेळत असतात. ज्याला घरच्या विजेच्या तारांची सवय नाही त्याने हे काम जाणत्याच्या देखरेखीशिवाय करू नये. गाण्याच्या नादात माणसे विजेला विसरतात.

काही यंत्रांत डीसी मोटर असते. तिला वारंवारता ठाऊक नाही. व्होल्टेज आणि ओझे यांवर तिची चाल. मोटर तापली की तिची चाल बदलते, सुई जोरकस चरात शिरली की ती किंचित अडखळते. तिच्यासाठी थाळीखाली एक लहान चुंबक आणि त्यासमोर संवेदक बसवून प्रत्येक फेऱ्याचा काळ मोजतात. १.८ सेकंदांपेक्षा जास्त लागला तर व्होल्टेज चढवावयाचे, कमी लागला तर उतरावयाचे. ऐकावयास हे सोपे वाटते, पण येथे उत्साही कारागीर हमखास फसतात. चूक दिसताक्षणी ती पुरी दुरुस्त करण्याची आज्ञा दिली, तर मधला रबरी पट्टा आधी ताणला जातो, जड थाळी उशिरा हलते, तोवर मोटर पुढे निघून गेलेली असते. मग उलट दुरुस्ती, मग पुन्हा सुलट. थाळी झोके घेऊ लागते आणि पूर्वी एका दिशेने चुकणारे गाणे आता लाटेवर बसते. कानाला स्थिर चूक एक वेळ चालते. डोलणारा षड्ज चालत नाही. म्हणून चुकीचा लहानसा अंशच प्रत्येक फेऱ्याला दुरुस्त करावयाचा, आणि मिनिटभरात वेग शांतपणे जागेवर येऊ द्यावयाचा. चांगला तबलजी गायकाची लय सरकली तर सम सोडून धावत नाही. दोन आवर्तनांत तिला परत आणतो. तसेच हे.

एवढे करूनही एक दोष उरतो, आणि तो यंत्राचा नव्हे. मुद्रिकेचे मधले भोक कारखान्यात बरोबर मध्यावर पडलेले नसेल, तर थाळी कितीही अचूक फिरो, सुई आतबाहेर झुलते आणि स्वर प्रत्येक फेऱ्याला वरखाली होतो. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल तर शेवटच्या चरांत स्वर सुमारे पाऊण टक्क्याहून अधिक वर आणि तितकाच खाली जातो. लांब आलापात षड्जावर ठेहराव आला की हे डोलणे चटकन जाणवते. जपानच्या नाकामिची कंपनीने १९८० च्या दशकात टीएक्स १००० या यंत्रात हे भोक मोजून थाळीच सरकविण्याची करामत केली होती. सामान्य माणसाला ते यंत्र परवडण्याचा प्रश्न नव्हता. तो भोक किंचित मोठे करून मुद्रिका हाताने मध्यावर आणतो; ग्रंथालयाच्या मालकीच्या मुद्रिकेवर मात्र असा कानस फिरविण्याची परवानगी कोणी देऊ नये.

आता ग्रंथालयाचा प्रश्न. लाँग प्लेचा जन्म १९४८ चा; त्यापूर्वीचे अर्धे शतक लाखेच्या मुद्रिकांचे. त्यांना ७८ च्या मुद्रिका म्हणण्याचा प्रघात आहे आणि या प्रघातानेच मोठा घोटाळा केला आहे. विजेवरील ध्वनिमुद्रण आल्यानंतरच ७८ हा वेग हळूहळू स्थिर झाला. तोही ६० हर्ट्झच्या देशांत ७८.२६ आणि ५० हर्ट्झच्या देशांत ७७.९२ असा किंचित वेगवेगळा. त्यापूर्वी, १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित करीत होते तेव्हा, यंत्र चालविणारे वजन किंवा स्प्रिंग आणि ते जुळविणारा माणूस, यांच्या हाती सारे होते. त्या काळच्या मुद्रिकांचे खरे वेग ७० च्या आसपासपासून ८० च्याही वर आढळतात. ७० वर मुद्रित झालेले गाणे ७८ वर वाजविले, तर ते जवळजवळ एक पूर्ण स्वर वर चढते. जुने गायक फार उंच पट्टीत आणि फार जलद गात, अशी जी समजूत पसरली आहे तिच्यापैकी किती भाग गळ्याचा आणि किती थाळीचा, हे पुन्हा तपासून पाहण्यासारखे आहे.

पाश्चात्त्य संगीताच्या संशोधकाला येथे एक आधार असतो. रचना कोणत्या पट्टीत लिहिली आहे हे कागदावर सापडते. आपल्याकडे प्रत्येक गायकाचा षड्ज त्याचा स्वतःचा. तरीही वाट अगदीच बंद नाही. अनेक मुद्रिकांत साथीला हार्मोनियम असते. हार्मोनियमचे सूर धातूच्या पट्ट्यांत कायमचे बांधलेले. गायकाचा षड्ज तिच्या कोणत्या तरी पट्टीवर असणारच. त्या काळी हार्मोनियमचे मूळ स्वर सर्वत्र सारखे नव्हते, हे मान्य. तरी त्यामुळे शक्य वेग अगणित न राहता चारदोनच उरतात. ७०, ७४, ७८.५ असे साधारण सहा टक्क्यांच्या अंतराने. मग त्यांतून निवड करावयाची ती आवाजाच्या पोतावरून, उच्चारांवरून, आणि त्याच बैठकीत मुद्रित झालेल्या इतर बाजूंवरून. मुद्रिकेवर कोरलेले अनुक्रमांक जवळजवळचे असतील तर यंत्र तेच आणि बहुधा वेगही तोच. गायक एका बैठकीत षड्ज बदलत नाही. चार बाजू एकत्र ठेवल्या की जो वेग चौघींना पटतो तो खरा मानावयास हरकत नाही. यासाठी वेग हवा तेथे थांबविता आला पाहिजे, आणि थांबला की तेथेच राहिला पाहिजे. पट्ट्याच्या यंत्राला जोडलेले हे नियंत्रण येथे हौस न राहता संशोधनाचे उपकरण होते.

कोणी म्हणेल, ही उठाठेव कशाला. मुद्रिका कोणत्याही वेगाने उतरवून घ्यावी आणि संगणकावर दुरुस्त करावी. ते शक्य आहे आणि बरेच जण करतात. परंतु वेगाची खूण न ठेवता उतरविलेली प्रत हातोहात पसरते, आणि दुरुस्ती करणारा भेटेपर्यंत तीच मूळ ठरून बसते. शिवाय कोणता वेग खरा, हे संगणक सांगत नाही. ते मुद्रिका समोर ठेवून, कान लावून, कळ फिरवीतच ठरवावे लागते.

वेगाची खूण कशी ठेवावी याचा एक नमुना आपल्या संगीताशी जोडलेला आहे. गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सोनेरी मुद्रिकेत समाविष्ट झाली. निवड सुचविली ती अमेरिकी संगीतज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. ती मुद्रिका लाँग प्लेच्या निम्म्या वेगाने, १६⅔ फेऱ्यांनी वाजवावयाची आहे. पण जिला मिनिट म्हणजे काय, हे ठाऊक नाही अशा सृष्टीला वेग सांगावा कसा? वेष्टनावर मुद्रिकेची आणि सुईची आकृती काढून तिच्याभोवती एका फेऱ्याचा काळ कोरलेला आहे, तो हायड्रोजन अणूच्या एका स्पंदनाच्या मापात. ते स्पंदन सुमारे ०.७० अब्जांश सेकंदाचे. त्या मापाने एक फेरा ३.६ सेकंदांचा होतो. इतक्या दूर पाठवितानाही केसरबाईंचा षड्ज हरवू नये याची ही काळजी. आपल्या कपाटातील मुद्रिकांच्या वेष्टनांवर मात्र बहुधा धूळच असते.

ग्रंथालयांनी करावयाचे काम अवघड नाही. मुद्रिकांच्या नोंदवहीत दाखलक्रमांक, गायक, राग आणि कंपनी यांच्यापुढे आणखी एक रकाना आखावा: वेग. लाखेच्या मुद्रिकेसाठी रुंद टोकाची वेगळी सुई वापरावी. लाँग प्लेची बारीक सुई त्या चरात तळाशी लोळते आणि खरखरच गोळा करते. वेग तपासण्यासाठी घरच्या दिव्यावर विसंबू नये. आताचे कित्येक एलईडी दिवे तर लुकलुकतच नाहीत. स्फटिकावर चालणारा लहानसा दिवा आणि रेघांची चकती ठेवावी. प्रत उतरविताना षड्ज कोणत्या पट्टीत धरला, हार्मोनियमचा आधार मिळाला की केवळ कानाचा, हे दोन ओळींत लिहून ती चिठ्ठी वेष्टनात सरकवावी आणि तोच मजकूर संगणकावरील प्रतीशेजारी ठेवावा. निर्णयाबद्दल शंका असेल तर शंकाही लिहावी. पुढचा ऐकणारा अधिक तयारीचा असू शकतो. चिठ्ठीवर तारीख घालावयास विसरू नये, कारण यंत्राचा पट्टा बदलला की कळीवरचा आकडा पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो.